जुन्या फियाट-अँबेसिडरला एसी बसतो का? बसतो, पण सुरुवात एसीपासून करायची नसते

३० ऑक्टोबर २०२३. या दिवसापासून मुंबईच्या रस्त्यावर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी चालवायला परवानगी उरली नाही. शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती आणि टॅक्सीसाठी वयाची मर्यादा होती २० वर्षं. ती संपली, पद्मिनी टॅक्सी गेली.

पण टॅक्सी गेली म्हणजे पद्मिनी संपली असं नाही. खाजगी नंबरच्या फियाट, पद्मिनी आणि अँबेसिडर आजही अनेक घरांत आहेत. कुणाच्या आजोबांनी घेतलेली, कुणी हौसेने शोधून आणलेली. इंजिन बांधलं, डेंटिंग-पेंटिंग झालं, नवी सीट कव्हरं आली. मग एप्रिल महिना येतो, गाडी सिग्नलला थांबते आणि घरचे म्हणतात, "गाडी छान आहे रे, पण आम्ही ओला करून येतो."

इथून प्रश्न सुरू होतो. जुन्या गाडीला बाहेरून एसी बसतो का? इंजिनाला झेपेल का? गाडीची मूळ ओळख बिघडेल का?

थोडक्यात उत्तर असं की बसतो आणि चांगला चालतो. पण ज्यांचे पैसे वाया जातात, त्यांच्यापैकी बहुतेकांनी एसी आधी बसवलेला असतो आणि गाडी नंतर दुरुस्त केलेली असते. क्रम याच्या उलटा हवा. तो का आणि कसा, ते नीट बघू.

आधी समजून घ्या, एसी नक्की करतो काय?

एसी थंडी तयार करत नाही. तो गाडीच्या आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. या कामाला पाच मुख्य भाग लागतात.

- कॉम्प्रेसर: इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि गॅस दाबतो. दाबला गेला की गॅस तापतो.
- कंडेन्सर: रेडिएटरच्या पुढे बसणारी जाळी. इथे गरम गॅसची उष्णता बाहेरच्या हवेत जाते आणि गॅसचा द्रव होतो.
- ड्रायर: द्रवातला ओलावा आणि कचरा पकडून ठेवणारी छोटी बाटली.
- एक्स्पान्शन व्हॉल्व्ह: बारीक तोंडातून द्रव पुढे सोडतो. दाब एकदम पडतो आणि द्रव गार होतो.
- कूलिंग कॉइल: गाडीच्या आत, ब्लोअरच्या पुढे असते. इथे गार द्रव आतल्या हवेची उष्णता घेऊन पुन्हा गॅस होतो आणि कॉम्प्रेसरकडे परत जातो.

आजच्या गाड्यांत बरीच वर्षं वापरला जाणारा आर-१३४ए हा गॅस साधारण ३० पीएसआय दाबाला जवळपास दीड-दोन अंश सेल्सिअसला उकळतो. म्हणजे कॉइल बर्फाच्या अगदी काठावर काम करते. त्याच्या खाली गेली तर कॉइलवरच बर्फ साचतो आणि हवा येणं बंद होतं. म्हणून थर्मोस्टॅट लागतो. कॉइल फार गार झाली की तो कॉम्प्रेसरचा क्लच सोडवतो.

हे लक्षात ठेवायचं कारण एकच. आतली उष्णता शेवटी रेडिएटरच्या तोंडावर येऊन पडते. जुन्या गाडीतली निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

गाडीतला एसी आला कुठून?

कारखान्यातून एसी बसवून गाडी विकणारी पहिली मोठी कंपनी म्हणजे अमेरिकेची पॅकार्ड. साल १९४०. एसीची किंमत होती २७४ डॉलर. कूलिंग कॉइल मागच्या सीटच्या मागे डिकीत होती, त्यामुळे डिकीची बरीच जागा जायची. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी नको असेल तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढून ठेवावा लागायचा. अर्थातच हा प्रकार फार चालला नाही.

१९५४ मध्ये नॅश या कंपनीने सगळं सामान गाडीच्या पुढच्या भागात मावेल अशी रचना आणली. आजही एसीची मांडणी ढोबळमानाने तशीच आहे. त्याच काळात टेक्सससारख्या गरम राज्यात एक वेगळा धंदा उभा राहिला. कारखान्यातून बिनएसीची गाडी घ्यायची आणि डॅशबोर्डखाली एसीचा डबा लटकवून घ्यायचा. पुढे १९७६ मध्ये टेक्ससमधल्याच सॅन अँटोनियोत व्हिंटेज एअर ही कंपनी सुरू झाली. खास जुन्या गाड्यांसाठी एसीचे किट बनवणं हाच तिचा व्यवसाय.

आपल्याकडेही डॅशबोर्डखाली लटकवलेला एसी फियाट-अँबेसिडरच्या जमान्यात दिसायचा. म्हणजे जुन्या गाडीला बाहेरून एसी ही आजची टूम नाही. तो त्या काळाचाच भाग आहे. ज्यांना गाडी जुनी दिसायलाच हवी, त्यांच्यासाठी हा मुद्दा पुढे कामाला येतो.

एवढ्याशा इंजिनाला झेपेल का?

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. ताकद साधारण ४० हॉर्सपॉवर. ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून बनायची, १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. आकडा ऐकून वाटतं, एसी लावला तर ही चढ चढायची नाही.

आता मारुती ८०० आठवा. इंजिन ७९६ सीसी, ताकद ४० च्या आतच. तरी एसीवाल्या मारुती ८०० ने आपल्याकडे कित्येक उन्हाळे काढले. म्हणजे लहान इंजिनावर एसी चालतो. फक्त कॉम्प्रेसर लहान लागतो आणि बाकी व्यवस्था त्याच्या मापाची लागते.

हिशेब सोपा आहे. छोट्या गाडीला साधारण एक टन क्षमतेचा एसी पुरतो. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, घरातल्या लहान बेडरूमच्या एसीएवढा. गाडी बेडरूमपेक्षा कितीतरी लहान, पण चारी बाजूंनी काच आणि डोक्यावर तापलेला पत्रा असतो, म्हणून एवढी क्षमता लागते. ती चालवायला इंजिनाचे साधारण अडीच ते चार-पाच हॉर्सपॉवर जातात.

हायवेवर हे जाणवत नाही. जाणवतं ते दोन ठिकाणी. एक, सिग्नलला गाडी स्लोमध्ये उभी असताना, कारण तेव्हा इंजिन मुळातच फार ताकद देत नसतं. दोन, बोरघाट किंवा खंबाटकीसारख्या चढाला.

पहिल्यावर उपाय म्हणजे आयडल-अप. एसी सुरू होताच कार्ब्युरेटरचा थ्रॉटल किंचित उघडणारा छोटा व्हॅक्यूम डबा. कार्ब्युरेटरवाल्या एसी गाड्यांत तो असायचाच. दुसऱ्यावर उपाय म्हणजे चढ लागला की एसीचं बटण बंद करायचं आणि ब्लोअर चालू ठेवायचा. घाट संपला की परत चालू.

अँबेसिडरमध्ये थोडं सोपं जातं. जुन्या १४८९ सीसी इंजिनाला ब्रॅकेट बनवून घ्यावं लागतं. पण नव्वदच्या दशकात आलेल्या १८०० सीसीच्या इसुझू इंजिनवाल्या अँबेसिडर कारखान्यातूनच एसीसह मिळायच्या. त्यामुळे अशी गाडी असेल तर मूळ ब्रॅकेट आणि पुली भंगारातल्या गाडीवरून मिळू शकतात. नवीन जुगाड करण्याआधी ते शोधणं शहाणपणाचं.

खरी परीक्षा रेडिएटरची

एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो. केबिनमधली साडेतीन किलोवॅट उष्णता आणि गॅस दाबायला लागलेली ताकद, दोन्ही मिळून पाच किलोवॅटच्या वर उष्णता तिथे बाहेर पडते. एक किलोवॅटचे पाच हीटर रेडिएटरच्या पुढ्यात लावून ठेवल्यासारखं आहे हे. आणि रेडिएटरला स्वतःला गार व्हायला हीच तापलेली हवा मिळते.

ज्या गाडीचा काटा एसीशिवायच ट्रॅफिकमध्ये वर सरकतो, ती गाडी एसी लावल्यावर उकळणारच. पुढची पायरी हेड गॅस्केट उडणं आणि त्याच्याही पुढची हेड वाकणं. म्हणजे थंड हवेच्या नादात इंजिन उघडण्याची वेळ. म्हणून आधी हे तपासावं:

- रेडिएटर आतून किती चोंदलाय? वर्षानुवर्षं नळाचं किंवा बोअरचं पाणी टाकलं असेल तर नळ्यांत क्षार साचलेले असतात. साफ करून भागत नसेल तर जुन्या टाक्या ठेवून नवी, जाड कोअर बसवून घेता येते. बाहेरून रेडिएटर मूळचाच दिसतो.
- कूलंट टाकलंय की नुसतं पाणी?
- वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रबरी होज आणि रेडिएटर कॅप ठीक आहे का?
- पंख्याभोवती आवरण आहे का? ते नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूची हवा फिरवत बसतो.
- कंडेन्सरसाठी वेगळा इलेक्ट्रिक पंखा. इंजिनावरचा पंखा स्लोमध्ये हळू फिरतो आणि नेमकी तिथेच हवेची गरज जास्त असते.

सोपी कसोटी अशी की मे महिन्यातल्या दुपारी गाडी अर्धा तास ट्रॅफिकमध्ये चालवा. काटा मधल्या जागी स्थिर राहिला तरच एसीचा विचार करा.

दुसरी परीक्षा विजेची

जुन्या गाड्यांचं वायरिंग हेडलाइट, हॉर्न, वायपर यांच्यापुरतं केलेलं. एसी आला की ब्लोअरला मोठ्या स्पीडवर ८ ते १५ अँपिअर, कंडेन्सरच्या पंख्याला ८ ते १२ आणि कॉम्प्रेसरच्या क्लचला ३-४ अँपिअर लागतात. बेरीज २० ते ३०. रात्र असेल तर हेडलाइटचे ९-१० वेगळे.

जुन्या डायनॅमोची क्षमताच साधारण २०-२५ अँपिअरची आणि स्लोमध्ये तो जवळपास काहीच देत नाही. मग सगळा भार बॅटरीवर येतो. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये एसी, लाइट आणि वायपर एकत्र चालले की गाडी बंद पडते आणि परत सेल्फ मारत नाही. म्हणून डायनॅमो असेल तर अल्टरनेटर लावावा लागतो. ५५ ते ६५ अँपिअरचा पुरतो. काढलेला डायनॅमो भंगारात टाकू नका, जपून ठेवा.

दुसरी गोष्ट आगीची. एसीची वायर जुन्या फ्यूज बॉक्सला किंवा इग्निशनच्या वायरला जोडून दिली तर जुनी वायर तापते, वरचं आवरण वितळतं. एसीसाठी बॅटरीपासून वेगळी जाड वायर, वेगळे फ्यूज आणि रिले हवेतच. यात काटकसर करायची नाही.

साठच्या दशकातल्या अनेक बीटल ६ व्होल्टच्या होत्या आणि जुन्या काही ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं. अशा गाडीवर आजचं १२ व्होल्टचं सामान थेट जोडलं तर ते चालणार नाही किंवा जळेल. आधी गाडीची विजेची व्यवस्था बदलावी लागते.

"मग इंजिनाला त्रास न देणारा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर लावला तर?" हा प्रश्न हल्ली बरेचजण विचारतात. गणित करा. एक किलोवॅट ताकद १२ व्होल्टवर घ्यायची तर ८० अँपिअरच्या वर करंट लागतो. तो देणारा अल्टरनेटर शेवटी इंजिनच फिरवतं. त्यामुळे इंजिनावरचा भार वाचत नाही, खर्च मात्र वाढतो.

कॉम्प्रेसर कुठे आणि कसा बसवायचा?

कॉम्प्रेसरचं ब्रॅकेट इंजिनाच्या ब्लॉकला बसवायचं, बॉडीला नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं. कॉम्प्रेसर बॉडीवर आणि पुली इंजिनावर असेल तर पट्टा सतत ओढला जाईल आणि निघून जाईल. याच कारणाने कॉम्प्रेसरपासून निघणारे पाइप लवचीक लागतात.

क्रँक पुलीवर एसीच्या पट्ट्यासाठी जास्तीची खाच लागते. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत की नाही, ते सरळ पट्टी लावून बघायचं. थोडा जरी तिरकेपणा राहिला तरी पट्टा ओरडतो, झिजतो. पट्टा ताणायला सोय ठेवायची.

ब्रॅकेट जाड पोलादाचं हवं. पातळ पट्टीचं ब्रॅकेट सुरुवातीला छान वाटतं, काही महिन्यांत थरथरीने तडकतं.

थंड हवा कुठून येणार?

इथे दोन रस्ते आहेत.

पहिला, डॅशबोर्डखाली लटकणारा डबा. फायदा हा की डॅशबोर्ड कापावा लागत नाही, चार बोल्ट काढले की गाडी पूर्वीसारखी. शिवाय त्या काळातही हाच प्रकार होता, त्यामुळे विजोड दिसत नाही. तोटा म्हणजे पुढच्या प्रवाशाच्या पायाची जागा थोडी जाते आणि मागच्या सीटपर्यंत हवा पोहोचायला वेळ लागतो.

दुसरा, डॅशबोर्डच्या मागे लपवलेला डबा. बाहेरून काही दिसत नाही. पण त्यासाठी डॅशबोर्डच्या मागचं सामान हलवावं लागतं आणि हवेच्या जाळ्यांसाठी बहुतेक वेळा पत्रा कापला जातो. कापलेला पत्रा परत येत नाही. पद्मिनीच्या लहान डॅशबोर्डमध्ये जागाही कमी.

दोन्हीत एक छोटी गोष्ट विसरली जाते ती म्हणजे पाण्याची नळी. कॉइलवर हवेतल्या ओलाव्याचं पाणी जमतं. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा दमट ठिकाणी ते भरपूर असतं. ते बाहेर टाकणारी नळी उताराने गाडीखाली गेली पाहिजे. नाहीतर पाणी मॅटखाली साचतं आणि फ्लोअर आतून गंजतो. बाहेरून चकाचक दिसणाऱ्या गाडीचा फ्लोअर असाच सडतो.

नागपूर-चंद्रपूरकडे प्रश्न वेगळा. तिथे हवा कोरडी, पण उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्यामुळे कंडेन्सरवरचा दाब फार वाढतो. तिथे कंडेन्सर बसेल तेवढा मोठा आणि पंखा चांगला हवा.

गॅसचा घोळ

जुने एसी आर-१२ या गॅसवर चालायचे. तो ओझोनच्या थराला घातक. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगभर तो टप्प्याटप्प्याने बंद झाला आणि गाड्यांमध्ये आर-१३४ए आला.

म्हणून कुणी "ऐंशीच्या दशकातला ओरिजिनल एसी सेट" विकत असेल तर डबा आणि जाळ्या घ्यायला हरकत नाही, बाकी सामान नवीनच घ्यावं. कारणं अशी:

- आर-१३४ए चे रेणू लहान असतात. जुन्या रबरी पाइपांतून गॅस हळूहळू झिरपतो. त्यासाठी आत वेगळा थर असलेले बॅरियर पाइप लागतात.
- आर-१२ सोबत मिनरल ऑइल चालायचं, आर-१३४ए मध्ये ते नीट फिरत नाही. पॅग किंवा एस्टर ऑइल लागतं. चुकीच्या तेलावर कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो.
- गरमीत आर-१३४ए चा दाब जास्त जातो. त्याला जुन्या जाड नळीच्या कंडेन्सरपेक्षा पॅरलल फ्लो प्रकारचा कंडेन्सर चांगला.
- ड्रायर नवीनच लागतो. उघडा राहिलेला ड्रायर हवेतला ओलावा पिऊन बसलेला असतो.

गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम करणं सक्तीचं. किमान अर्धा-पाऊण तास पंप चालला पाहिजे. दाब एवढा कमी झाला की पाइपातलं पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि बाहेर ओढलं जातं. मग पंप बंद करून काटा बघायचा. काटा हलला तर कुठेतरी गळती आहे. "थोडा गॅस मारून बघू" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

गॅस वजनावर भरायचा, अंदाजावर नाही. ३५ अंशांच्या दिवशी कमी दाबाचा काटा साधारण २५ ते ४० पीएसआय आणि जास्त दाबाचा २०० ते २५० च्या आसपास असावा. जाळीतून येणारी हवा बाहेरच्यापेक्षा १५ ते २० अंश गार असेल तर काम जमलं.

आणखी एक. स्वस्तात मिळतो म्हणून एलपीजीसारखा जळणारा गॅस भरून घेऊ नका. कॉइल केबिनच्या आत असते. गळती झाली तर तो गॅस तुमच्यासोबत बंद गाडीत साचतो.

गार झालेली हवा टिकणार कशी?

एसी बसवला, पैसे गेले, तरी गाडी गार होत नाही. अशा वेळी कॉम्प्रेसरला दोष देण्याआधी गाडीची भोकं शोधा. दाराची रबरी बीडिंग कडक झालेली, पुढच्या त्रिकोणी काचेला फट, पेडलच्या रबराला चीर, फायरवॉलमध्ये जुन्या केबलची उघडी भोकं. इंजिनची गरम हवा इथूनच आत येते.

टपाच्या आतल्या कापडाखाली, फ्लोअरवर आणि फायरवॉलला उष्णता रोखणारी शीट लावली तर फरक लगेच कळतो. हे काम एसीच्या आधी केलं तर लहान एसीतही भागतं. शिवाय ते बाहेरून दिसत नाही.

काचेवर काळी फिल्म लावून सुटका नाही. मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. त्यापेक्षा जुना साधा उपाय बरा. गाडी सावलीत लावायची आणि निघताना दोन मिनिटं काचा खाली करून कोंडलेली गरम हवा आधी बाहेर जाऊ द्यायची.

ओरिजिनल गाडी आणि कायदा

१९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीची झाली. हे वय महत्त्वाचं आहे.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी यात बसते. तिला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, पुनर्नोंदणीची ५ हजार.

पण त्याची दुसरी बाजूही वाचा. अशी नोंदणी घेतलेली गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्याच कामासाठी रस्त्यावर आणता येते. रोज ऑफिसला नेता येत नाही.

म्हणजे एसी बसवण्याआधी ठरवायचं की ही गाडी वापरायची आहे की जपून ठेवायची आहे. रोज वापरायची असेल तर एसीला अर्थ आहे. व्हिंटेज नोंदणीकडे जायचं असेल तर बॉडी किंवा फायरवॉल कापायचं धाडस करू नये. दोन्ही शक्यता खुल्या ठेवायच्या असतील तर एकच नियम पाळायचा. जे काही लावाल ते बोल्टने लावा, वेल्डिंगने नाही. आधीपासून असलेल्या भोकांतूनच पाइप न्या. काढलेला प्रत्येक मूळ भाग नाव लिहून ठेवा आणि कामाआधीचे फोटो काढा. उद्या गाडी पोरांकडे गेली आणि त्यांना ती मूळ रूपात हवी झाली, तर ते शक्य असलं पाहिजे.

कामाचा बरोबर क्रम

१. इंजिन ठीक करा. कॉम्प्रेशन कमी, तेल पिणाऱ्या इंजिनावर एसी लावू नका.
२. रेडिएटर आणि कूलिंगचं काम पूर्ण करा, मे महिन्याची ट्रॅफिक चाचणी घ्या.
३. अल्टरनेटर आणि वेगळं वायरिंग करा.
४. बीडिंग बदला, भोकं बुजवा, शीट लावा.
५. मग कंडेन्सर, कॉम्प्रेसर, कॉइल, पाइप.
६. प्रेशर स्विच लावाच. गॅस संपला किंवा दाब फार वाढला तर तो कॉम्प्रेसर बंद करतो.
७. व्हॅक्यूम, गळती तपासणी, वजनावर गॅस.
८. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे बोल्ट आणि पट्टा परत तपासा.

गॅरेजला विचारायचे पाच प्रश्न

- ब्रॅकेट ब्लॉकला बसणार की बॉडीला?
- बॉडीत नवं भोक पडणार का? पडणार असेल तर कुठे?
- पाइप बॅरियर प्रकारचे आहेत का? तेल कोणतं टाकणार?
- व्हॅक्यूम किती वेळ करणार आणि गॅस किती ग्रॅम भरणार?
- स्लोमध्ये गाडी बंद पडू नये म्हणून आयडल-अप लावणार का?

या पाचांची सरळ उत्तरं मिळाली तर माणूस कामाचा आहे. "ते सगळं आमच्यावर सोडा" एवढंच उत्तर आलं तर दुसरं गॅरेज बघा.

मग बसवायचा की नाही?

वर्षातून दोन रॅली आणि दसऱ्याची पूजा एवढंच गाडीचं काम असेल तर गरज नाही. चांगली बीडिंग, टपाखाली शीट आणि एक छोटा पंखा एवढ्यात भागतं. पण घरातले म्हातारे लोक त्या गाडीतून गावी जाणार असतील, मुलं मागे बसणार असतील, तर एसी ही चैन राहत नाही. गाडी वापरात राहण्याचं ते कारण होतं, आणि वापरात असलेल्या गाडीची काळजी आपोआप घेतली जाते. बंद शेडमध्ये उभी राहिलेली गाडी मात्र शंभर टक्के ओरिजिनल असली तरी आतून गंजत असते.